गाडी बदलण्याचं गाव

माझी नणंद वेल्समध्ये बँगोरला असते, आम्ही इंग्लंडमध्ये स्टॉकपोर्टला. तिच्याकडे जायचं म्हणजे क्रूला उतरायचं, सामान ओढत पूल चढायचा आणि दुसऱ्या फलाटावर जाऊन उभं राहायचं. इथे आल्यावर पहिल्याच दिवाळीला आम्ही तिच्याकडे निघालो, तेव्हा क्रूच्या फलाटावर मला उगाच घरी आल्यासारखं वाटलं होतं. रुळांचा तोच गुंता. तोच डिझेलचा वास. कुठे जायचं हे पक्कं ठाऊक असलेली, पण इथे कुणाकडेही न आलेली तशीच माणसं.

मी भुसावळची. वडील लोको शेडमध्ये फिटर होते, शेवटी चार्जमन होऊन निवृत्त झाले. भुसावळ म्हटलं की समोरचा हमखास म्हणतो, "हो हो, माहितीये की! गाडी बराच वेळ थांबते तिथे. केळी चांगली मिळतात." गाव आत जाऊन पाहिलेला माणूस क्वचितच भेटतो. क्रूचंही तसंच. निम्म्या ब्रिटनने क्रूला गाडी बदललेली असते, पण स्टेशनाबाहेर पाऊल टाकलेलं नसतं.

मीही पहिली काही वर्षं टाकलं नव्हतं. नंतर टाकलं ते फुटबॉलमुळे, आणि फुटबॉल आमच्या घरात शिरला तो पोराच्या पायांतून. त्यावर येतेच. आधी गावाचं सांगते.

या गावात स्टेशन आधी आलं आणि गाव मागून. ४ जुलै १८३७ ला ग्रँड जंक्शन रेल्वेने इथे स्टेशन उघडलं तेव्हा आसपास शेतं होती आणि जरा लांब क्रू हॉल नावाचा एक वाडा होता, त्याच्यावरून स्टेशनचं नाव पडलं. १८४३ मध्ये कंपनीने आपला इंजिनांचा कारखाना इथे आणला, कामगारांसाठी घरं बांधली, आणि त्या घरांचं मिळून शहर झालं. पुढे या कारखान्यातून ७,००० हून अधिक इंजिनं बाहेर पडली. याच ग्रँड जंक्शनच्या काठावर, वर उत्तरेला न्यूटन-ली-विलोजला, व्हल्कन फाउंड्री होती. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला जी पहिली गाडी गेली तिची इंजिनं तिथून आलेली. हे मी बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते एवढे खूश झाले की दोन दिवसांनी त्यांनीच मला फोन करून तीच गोष्ट नव्याने सांगितली.

रेल्वेच्या गावात पोरं काय करणार? कारखान्यात लागणार आणि सुट्टीच्या दिवशी मैदानावर जाणार. १८७७ साली क्रूच्या क्रिकेट खेळणाऱ्या मंडळींनी हिवाळ्यासाठी म्हणून फुटबॉलचा संघ काढला. नाव ठेवलं क्रू अलेक्झांड्रा. राजकन्या अलेक्झांड्रावरून म्हणे, काही जण तिच्या नावाच्या हॉटेलावरून म्हणतात. गावातले लोक नुसतं 'दि अ‍ॅलेक्स' म्हणतात. टोपणनाव अर्थातच 'रेल्वेमेन'. १८८८ मध्ये हा संघ एफ.ए. म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेच्या कपच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि प्रेस्टनकडून सणकून हरला. १८९२ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल लीगची दुसरी डिव्हिजन सुरू झाली तेव्हा तिच्या संस्थापक संघांत होता, चार वर्षांत बाहेर पडला. १९२१ मध्ये पुन्हा आत आला.

त्यानंतरची साठ वर्षं दोन वाक्यांत उरकली तर क्रूचे लोकही रागावणार नाहीत. संघ बहुतेक काळ तळाशी किंवा तळाच्या आसपास होता. १९५६-५७ च्या हंगामात तर सलग ३० सामन्यांत एकही विजय नाही! १९६० मध्ये एकदा कपमध्ये टॉटनमला घरच्या मैदानावर २-२ असं रोखलं, २०,००० लोक आले होते, गाव चार दिवस हवेत होतं. मग लंडनला फेरसामना झाला आणि टॉटनमने १३-२ ने मारलं. यावरचा क्रूचा विनोद असा, की संघाची गाडी लंडनला १३ नंबरच्या फलाटावरून निघाली आणि क्रूला २ नंबरवर लागली. खरं-खोटं देव जाणे. पण हरल्यावर फलाटाचा नंबर आठवणारं गाव मला लगेच आपलं वाटलं.

खरी गोष्ट सुरू होते १९८३ मध्ये, डारिओ ग्राडी नावाचा माणूस मॅनेजर म्हणून आला तिथून.

ग्राडी मिलानमध्ये जन्मलेले, वडील इटालियन, आई इंग्रज. युद्धानंतर लहानपणीच इंग्लंडला आले. शाळेत व्यायामशिक्षक होते, चेल्सीत तरुण मुलांना शिकवलं, विम्बल्डन आणि क्रिस्टल पॅलेसचे मॅनेजर झाले, आणि मग चौथ्या डिव्हिजनच्या तळाशी लोळणाऱ्या या क्लबात आले. पैसा नाही, प्रेक्षक नाहीत. गाडीने तासाभराच्या आत मँचेस्टर, लिव्हरपूल, स्टोक. आठ-नऊ वर्षांचं जरा बरं पोर दिसलं की मोठे क्लब उचलून नेणार. असल्या ठिकाणी कुणी काय उभं करणार?

ग्राडींनी उभं केलं ते एक वर्कशॉप. हा शब्द माझा, पण बाबांनाही तो पटला. इतरांनी भंगारात काढलेले तुकडे आणायचे, साफ करायचे, घासूनपुसून चालते करायचे. डेव्हिड प्लॅट मँचेस्टर युनायटेडने सोडलेला पोरगा. १९८५ मध्ये फुकटात क्रूला आला, तीन वर्षांनी २ लाख पौंडांना अ‍ॅस्टन व्हिलाला गेला, आणि १९९० च्या विश्वचषकात बेल्जियमविरुद्ध जादा वेळेच्या अगदी शेवटच्या मिनिटाला, खांद्यावरून आलेला चेंडू वळून मारत त्याने इंग्लंडला पुढच्या फेरीत नेलं. नील लेनन मँचेस्टर सिटीने सोडलेला. रॉबी सॅव्हेज पुन्हा युनायटेडचाच टाकलेला. हे झाले बाहेरून आणून दुरुस्त केलेले. त्यासोबत घरचं उत्पादनही सुरू झालं. रॉब जोन्स १९९१ मध्ये थेट लिव्हरपूलला गेला. मग डॅनी मर्फी, सेथ जॉन्सन, डीन अ‍ॅश्टन. अ‍ॅश्टन २००५ च्या जानेवारीत ३० लाख पौंडांना नॉर्विचला गेला. गावातल्या साध्या घरांच्या किमतींत मोजलं तर एका पोरात एक अख्खी गल्ली आली असती.

या पैशांवर क्लब चालायचा. १९९७ मध्ये वेम्ब्लीवर ब्रेंटफर्डला १-० ने हरवून क्रू दुसऱ्या स्तरावर चढला आणि तिथे पाच हंगाम टिकला. या गावाच्या मानाने हे फार झालं. १९९९ मध्ये ग्रेस्टी रोडच्या मैदानावर नवा मुख्य स्टँड उभा राहिला, तोही पोरं विकून आलेल्या पैशांतून असंच गावात सांगतात. हा स्टँड बघण्यासारखा आहे. एका बाजूला जवळजवळ ७,००० खुर्च्यांचा डोंगर आणि उरलेल्या तीन बाजूंना बसस्टॉपसारखे शेड. आपल्याकडे एखाद्या भावाला दुबईला नोकरी लागल्यावर वाड्याच्या एकाच कोपऱ्यावर तीन मजले चढतात, तसं काहीसं.

मला या सगळ्यात आवडलं ते वेगळंच होतं. क्रूचा संघ खालच्या डिव्हिजनमध्येही जमिनीवरून, पास देत खेळायचा. तिथे रीत अशी की चेंडू लांब भिरकवा आणि दांडग्या पोराला त्याच्या मागे पळवा. ग्राडींच्या पोरांना लहानपणापासून एकाच पद्धतीने शिकवलेलं असे. आठ वर्षांच्या गटात जे घोटलं तेच पहिल्या संघात. शेडमध्ये बाबा नव्या अप्रेंटिसला पहिले तीन महिने नुसतं कानस चालवायला लावत. पोरं वैतागायची. बाबा म्हणायचे, हात सरळ झाला की मग इंजिनाला लावू. क्रूच्या कारखान्यातही अप्रेंटिसांची अशीच परंपरा होती. पुढे 'मॅलार्ड' हे जगातलं सर्वांत वेगवान वाफेचं इंजिन ज्यांच्या हाताखाली घडलं ते नायजेल ग्रेस्ली याच कारखान्यात शिकलेले. आणि गंमत म्हणजे इंग्लिश फुटबॉलमध्येही क्लबात शिकणाऱ्या पोरांना अनेक वर्षं 'अप्रेंटिस' हाच शब्द होता. सकाळी सराव करायचा, दुपारी मोठ्या खेळाडूंचे बूट पुसायचे, स्टँड झाडायचा.

आता आमच्या पोराचं.

तो सात वर्षांचा असताना एका रविवारच्या स्पर्धेत एक स्काउट माझ्यापाशी आला. हातात वही, डोक्यावर लोकरी टोपी. मला वाटलं पार्किंगचं काहीतरी असेल. त्याने विचारलं, हा डावखुरा कुणाचा? आणि आमचे मंगळवार, गुरुवार, शनिवार गेले ते पुढली पाच वर्षं. कुठल्या क्लबची अकादमी ते सांगत नाही. क्रू नव्हे, एवढं पुरे.

नऊ वर्षांखालच्या गटात मुलाची रीतसर नोंदणी होते. फॉर्मवर आईबापांच्या सह्या. आम्ही सह्या केल्या तेव्हा घरी शिरा केला होता, हे आठवून आता हसू येतं. मैदानाच्या कडेला दोरी बांधलेली असायची, पालकांनी तिच्यामागे उभं राहायचं आणि तोंड उघडायचं नाही असा नियम. माझ्यासारख्या भुसावळच्या बाईला दोन तास गप्प उभं राहणं म्हणजे काय शिक्षा ते माझं मला माहीत. पावसात थर्मासमधला चहा पिताना इतर आया हळूच विचारायच्या, तुमचा रिव्ह्यू कधी? आमच्या शाळेतल्या चाचणी परीक्षांना लाजवतील एवढे रिव्ह्यू. डावा पाय, उजवा पाय, निर्णयक्षमता, वृत्ती. नऊ वर्षांच्या पोराची वृत्ती!

त्याच दिवसांत मी या धंद्याचं थोडं वाचायला लागले. आपलं पोर ज्या यंत्रात घातलंय ते चालतं कसं हे बघायची खोड बापाकडून आलेली. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये प्रीमियर लीगच्या खालच्या फुटबॉल लीगच्या क्लबांनी अकादम्यांच्या एका नव्या योजनेवर मतदान केलं होतं. ४६ बाजूने, २२ विरुद्ध. प्रीमियर लीगने सरळ सांगितलेलं, मान्य करा नाहीतर तरुणांच्या प्रशिक्षणासाठी मिळणारा पैसा बंद. योजना २०१२ पासून लागू झाली. तोवर मुलाच्या घरापासून दीड तासाच्या अंतरातल्याच अकादमीने त्याला घ्यायचं असा दंडक होता, तो गेला. आणि छोट्या क्लबचा पोरगा मोठ्या क्लबने नेला तर भरपाईचे दर ठरले. ९ ते ११ या वयासाठी वर्षाला ३,००० पौंड. त्यापुढच्या वर्षांना अकादमीच्या दर्जाप्रमाणे १२,५०० ते ४०,०००. पूर्वी लवाद बसायचा, पोराचं मोल ठरवताना घासाघीस व्हायची. आता रेटकार्ड. वायकम्बने २०१२ मध्येच अकादमी बंद करून टाकली, ब्रेंटफर्डने २०१६ मध्ये. त्यांचा हिशेब चूक म्हणता येणार नाही. घडवा तुम्ही, न्या आम्ही, हे किती वर्षं चालणार?

क्रूने बंद केली नाही. करणार कशी? दुकान बंद केलं तर त्या स्टँडच्या डोंगराखाली उरलं काय असतं? उलट त्याच सुमारास त्यांचं सर्वांत चांगलं पीक आलं होतं. २०१२ मध्ये वेम्ब्लीवर चेल्टनहॅमविरुद्ध निक पॉवेल नावाच्या १८ वर्षांच्या पोराने गोल केला आणि त्याच उन्हाळ्यात तो मँचेस्टर युनायटेडला गेला. अ‍ॅश्ली वेस्टवूड व्हिलाला गेला. आणि २७ एप्रिल २०१३ ला, हंगामाच्या शेवटच्या सामन्यात, वॉल्सॉलविरुद्ध क्रूने मैदानात उतरवलेले अकराच्या अकरा खेळाडू स्वतःच्या अकादमीत घडलेले होते. सामना २-० ने जिंकलाही.

अकराच्या अकरा. बाबांना हे सांगितलं तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे एकही पार्ट बाहेरून मागवला नाही."

इथेच थांबता आलं असतं तर लेख गोड झाला असता.

१६ नोव्हेंबर २०१६ ला 'द गार्डियन'मध्ये अँडी वुडवर्डची मुलाखत आली. ४३ वर्षांचा, एकेकाळी क्रू, बरी आणि शेफील्ड युनायटेडकडून खेळलेला बचावपटू. तो आमच्या स्टॉकपोर्टचा. ११ वर्षांचा असताना स्टॉकपोर्टच्या शालेय संघाकडून खेळताना त्याला बॅरी बेनेल नावाच्या प्रशिक्षकाने क्रूसाठी हेरलं, आणि पुढे काही वर्षं त्याच्यावर अत्याचार केले. हे त्याने स्वतःच्या नावानिशी, फोटोसह सांगितलं. त्यानंतर एकामागून एक माणसं पुढे आली. चाळिशी-पन्नाशीतले बाप्ये, टीव्हीवर बोलताना बारा वर्षांचे होऊन रडत होते.

बेनेल १९८५ ते १९९२ क्रूमध्ये होता. पोरं हेरण्यात त्याचा हात धरणारं कुणी नाही असं लोक म्हणत, म्हणून तो आईबापांना देवासारखा. त्याच्या घरी मुलं मुक्कामाला राहायची, घरात खेळ होते, विचित्र पाळीव प्राणी होते. १९९० च्या दशकात त्याला आधी अमेरिकेत आणि मग इंग्लंडमध्ये शिक्षा झालेली होती. तरीही पूर्ण हकीकत बाहेर यायला २०१६ उजाडलं. २०१८ मध्ये ५० गुन्ह्यांत तो दोषी ठरला, न्यायाधीशांनी जवळपास सगळा उरलेला जन्म तुरुंगात काढायची तजवीज केली. २०२३ मध्ये तो तिथेच मेला.

ती मुलाखत मी रात्री साडेअकराला, स्वयंपाकघरात उभ्याने वाचली. ओट्यावर दुसऱ्या दिवशीच्या डब्यासाठी भिजवलेले मूग होते. आणि मला एकदम मागच्या महिन्यातला मंगळवार आठवला. आमची गाडी बिघडली होती, नवरा कामावरून अडकला होता, तर पोराच्या प्रशिक्षकाने त्याला घरापर्यंत सोडलं होतं. वीस मिनिटांचा रस्ता. मी दारात उभी राहून त्याचे दहादा आभार मानले होते, आत चहाला बोलावलं होतं.

त्या माणसाने काही केलं नव्हतं. चांगला माणूस होता, आहे. पण मी त्या रात्री झोपलेल्या पोराच्या खोलीच्या दारात किती वेळ उभी होते कोण जाणे. सकाळी दुधाचा ग्लास पुढे करत मी त्याला आडून आडून विचारलं. त्याचे कान लाल झाले. "आई, तू काय विचारतेयस?" मी म्हटलं, काही नाही, पी दूध. पुढच्या आठवड्यात अकादमीचं पत्रक आलं. कुठल्याही मोठ्या माणसाने एकट्या मुलाला गाडीतून न्यायचं नाही, वगैरे. त्या गुरुवारी प्रशिक्षक मला बघून जरा लांबूनच हात हलवून गेला. आम्ही दोघंही ओशाळलो होतो, आणि दोघांनीही काही केलेलं नव्हतं.

एफ.ए.ने नेमलेल्या क्लाइव्ह शेल्डन या वकिलांचा अहवाल मार्च २०२१ मध्ये आला. क्रूबद्दल त्यात जे आहे ते साध्या शब्दांत असं: बेनेलबद्दल कुजबुज होती, संचालकांपैकी काहींमध्ये त्यावर बोलणंही झालं होतं, आणि त्याच्या घरी मुक्कामाला राहणाऱ्या पोरांची क्लबने विचारपूस करायला हवी होती ती केली नाही. ग्राडींना एफ.ए.ने २०१६ मध्येच निलंबित केलं होतं. बेनेलला अमेरिकेत अटक होईपर्यंत आपल्याला काही ठाऊक नव्हतं, असं त्यांचं म्हणणं. २०१९ मध्ये ते क्लबमधून निवृत्त झाले. त्यांच्याबद्दल मला नेमकं काय वाटतं हे मी अनेकदा लिहून खोडलंय. ज्या माणसाचं अर्धं आयुष्य पोरांचा पाय कुठे पडतो हे बघण्यात गेलं, त्याच्या हद्दीत सात वर्षं हे चाललं होतं. चेंडूला पहिला स्पर्श कसा झाला हे लांबून ओळखणारी नजर त्या पोरांच्या चेहऱ्यांवर गेली नाही का? माझा राग या प्रश्नापाशी येऊन अडतो, कारण तोच प्रश्न आईबापांनाही लागू पडतो. त्यांनीही दारात उभं राहून आभार मानले होते, चहाला बोलावलं होतं.

प्लॅट काय, जोन्स काय, त्या वर्कशॉपच्या गोष्टी मी पूर्वी ज्या चवीने सांगायचे तशा आता सांगवत नाहीत. खोट्या मात्र त्या नाहीत. अकराच्या अकराही खरे. वुडवर्डही खरा.

आमच्या पोराला २०१९ च्या मे महिन्यात सोडलं. इथला शब्द 'रिलीज'. एका छोट्या खोलीत दोन प्रशिक्षक, समोर फाइल, टेबलावर टिश्यूंचा नवा कोरा डबा. तो डबा बघितला आणि मला कळलं. पंधरा मिनिटं दिलेली होती, बारा मिनिटांत उरकलं. उंची, वेग, पुढल्या गटाची गरज असं बरंच काही बोलले, आणि वाईट बोलले नाहीत. बारा वर्षांच्या पोराने खाली मान घालून दोघांशी हात मिळवले, टिश्यू एकही घेतला नाही. मी तीन घेतले. बाहेर पार्किंगमध्ये पुढचा मुलगा आईबरोबर थांबलेला होता. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली.

रात्री व्हिडिओ कॉलवर बाबांना सांगितलं.

"काढलं म्हणजे?" ते म्हणाले. "पाच वर्षं शिकला ना तो?"

"हो."

"मग सर्टिफिकेट दिलं का?"

"तसं काही नसतं, बाबा."

"नसतं कसं? आमच्याकडे पोरगं कामावर ठेवलं नाही तरी अप्रेंटिसशिपचं सर्टिफिकेट द्यावं लागायचं. सही-शिक्क्यासह. त्यावर कुठेही लागायचं ते." मग जरा थांबून, "तू विचारलंस का पण?"

नव्हतं विचारलं.

त्या शरद ऋतूत एका शनिवारी आम्ही बँगोरहून परत येत होतो. क्रूला पुढची गाडी रद्द. पोरगा तोवर चार महिने फुटबॉलचं नाव काढत नव्हता. फलाटावर लाल शर्टांची वर्दळ बघून तोच म्हणाला, जायचं का? स्टेशनातून बाहेर पडलं की मैदान चालत पाच-सात मिनिटांवर. बॅगा घेऊनच गेलो. बॅगा उघडून दाखवाव्या लागल्या, वन्संनी दिलेला लाडवांचा डबा बघून दारावरच्या बाईने विचारलं, हे काय? तिलाही एक दिला.

शेजारच्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ होते, गुडघ्यावर चौकटीची घोंगडी, हातात फ्लास्क. त्यांनी आपणहून पोराला माहिती द्यायला सुरुवात केली. हा पलीकडच्या गावचा, हा आठ वर्षांचा असताना मी याला पाहिलंय. हा जानेवारीत जाईल बघ. कुठे जाईल? कुठेही, इथून सगळे जातात. हे त्यांनी अशा स्वरात सांगितलं जशी आमच्या कॉलनीतली मंडळी आपापल्या मुलांबद्दल सांगायची, की पुण्याला गेला, बंगलोरला गेला, आता काही तो यायचा नाही. त्यात तक्रार किती आणि मिरवणं किती हे सांगणं अवघड.

मध्यंतरात पोरगा चिप्स आणायला गेला तेव्हा मी त्यांना म्हटलं, माझ्या मुलाला नुकतंच एका अकादमीने सोडलंय. त्यांनी मान हलवली. बराच वेळ मैदानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी तेव्हाही इथेच यायचो. त्या वर्षांत. ती पोरं आमच्या समोर बॉल उचलून द्यायला धावायची." एवढंच. फ्लास्कच्या झाकणात चहा ओतला आणि मला पुढे केला. पिवळट, बिनसाखरेचा. मी प्यायले.

त्या हंगामात क्रू वरच्या डिव्हिजनमध्ये गेला. दोन वर्षांनी परत खाली आला. २०२४ मध्ये वेम्ब्लीपर्यंत जाऊन क्रॉलीकडून हरला. आमचा पोरगा आता मोबाइलवर त्यांचे निकाल बघतो. म्हाताऱ्यांनी दाखवलेला तो पोरगा खरंच गेला, जानेवारीत नाही, पण गेला.

परवा आमच्या पोराने माझ्यापुढे एक फॉर्म आणून टाकला. आमच्या इथल्या रविवारच्या क्लबात आठ वर्षांखालच्या पोरांना शिकवायला मदत करणार आहे. त्यासाठी पोलिसांकडची नोंद तपासून घ्यावी लागते, मुलांच्या सुरक्षिततेचा एक अभ्यासक्रम करावा लागतो, मागच्या पाच वर्षांतले सगळे पत्ते लिहावे लागतात.

"आई, मी अठरा वर्षांचा आहे. आत्तापर्यंत तुमच्याचकडे राहतोय. मला कशाला हे सगळं?"

मी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. सगळं वाचलं, बारीक टाइपसुद्धा. एका ठिकाणी त्याने पोस्टकोड चुकवला होता, तो खोडून नीट लिहायला लावला.

"आणि अभ्यासक्रम पुरा केला की सर्टिफिकेट देतात का?" मी विचारलं.

"देतात."

"त्याचा फोटो आजोबांना पाठव."